फळाला पाणी सुटते तेव्हा : बरणीतल्या गोडाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच पदार्थाविषयी आहेत. काचेच्या लहान बरणीत थर लावून केलेले आणि एकेका पाहुण्याच्या हातात सुटे देता येईल असे फळांचे गोड, हा तो पदार्थ. पूर्वी वाढदिवसाला फ्रूट सॅलडचे पातेले मधोमध ठेवून त्यातून वाट्या भरल्या जात. आता प्रत्येकाची वाटी आधीच भरून, झाकण लावून आणि फीत बांधून तयार असते. पातेल्यात पाणी सुटले तर डावाने ढवळून निभावता येत असे, पण बरणीची काच काहीच लपवत नाही. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांच्या तक्रारीचे मूळ तेथेच आहे.

प्रश्न : माझ्या मुलीचे डोहाळजेवण नोव्हेंबरच्या अखेरीस घरीच करायचे आहे. चाळीस माणसे होतील. केकऐवजी बरणीतले फळांचे गोड द्यावे असे मनात आहे. मागे एकदा मी सफरचंद, द्राक्षे, केळी आणि कस्टर्ड यांचे थर आदल्या रात्री भरून ठेवले होते. सकाळी पाहते तर तळाशी दोन बोटे पाणी आणि वरची केळी काळवंडलेली. कोणती फळे घ्यावीत, किती आधी करावे आणि किती सामान लागेल?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या हातून काही विशेष चुकले नाही, चुकली ती फळांची निवड आणि वेळ. फळ चिरले की सुरीखाली आलेल्या पेशी फुटतात आणि त्यांतला रस मोकळा होतो. त्यावर साखर घातलेले कस्टर्ड पडले की साखर उरलेल्या पेशींतूनही पाणी ओढून घेते. लिंबाच्या फोडींवर मीठ टाकल्यावर लोणच्याला खार सुटतो, तसाच हा प्रकार आहे. लोणच्यात तो हवा असतो, येथे नको असतो. शिवाय बाजारच्या कस्टर्ड पावडरीत मुख्यतः मक्याचे पीठ असते आणि पिठाने घट्ट केलेला कोणताही पदार्थ थंडीत रात्रभर राहिला, विशेषतः घट्ट झाल्यावर पुन्हा ढवळला गेला, तर स्वतःच थोडे पाणी टाकतो. केळी आणि सफरचंद काळे पडते ते हवेमुळे. लिंबाचा रस चोळल्याने ते काही तास लांबते, टळत नाही.

म्हणून आदल्या दिवशी भरायच्या बरणीत एक तर न चिरता घालता येणारे फळ असावे किंवा शिजवून ज्यातले पाणी आधीच आटवले आहे असे फळ असावे. पहिल्या प्रकारात आपल्या जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. डाळिंबाचा प्रत्येक दाणा आपल्या पातळ आवरणात बंद असतो, त्याला सुरी लागत नाही, तो काळा पडत नाही आणि साखरेच्या शेजारी रात्रभर बसूनही फारसे पाणी टाकत नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच शहरात आहे. पण आपल्या दृष्टीने त्याहून कामाची गोष्ट अशी की मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची, फळे साधारण नोव्हेंबरपासून बाजारात येऊ लागतात, म्हणजे नेमकी आपल्या कार्यक्रमाच्या वेळी. द्राक्षे मात्र या वेळी घेऊ नयेत. आपल्याकडची गोड द्राक्षे जानेवारीनंतरची. त्याआधी जी मिळतात ती महाग आणि बहुधा आंबट असतात.

डाळिंबाच्या जोडीला कस्टर्डऐवजी चक्का घ्यावा, असे मी सुचवीन. दह्यातले पाणी फडक्यात बांधून आधीच निथळलेले असते, त्यामुळे बरणीत सुटायला फारसे उरत नाही. नेहमीच्या श्रीखंडात चक्क्याइतकी, पुष्कळदा त्याहून जास्त साखर पडते. येथे निम्मी पुरते, कारण दाणे गोड आहेत आणि साखर जितकी जास्त तितके मिश्रण सैल होते. ज्यांच्यासाठी हा सोहळा आहे त्या गरोदर असल्याने चक्का ओळखीच्या डेअरीतला ताजा किंवा, त्याहून बरे, नीट उकळलेल्या दुधाचे दही लावून घरीच बांधलेला असावा. न तापवलेल्या दुधाचे काहीही या दिवसांत देऊ नये.

तळाच्या थराला बहुतेक जण बिस्किटांचा चुरा घालतात. माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्या घरात ज्वारीची कडक भाकरी असतेच. ती मिक्सरमध्ये जाडसर फिरवावी, कढईत तूप घालून मंद आचेवर परतावी, खाली उतरवून किसलेला गूळ आणि वेलची मिसळावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. तुपाचे आवरण बसल्याने चुरा लवकर ओला होत नाही आणि गोड चक्क्याखाली येणारी ज्वारीची खमंग चव बिस्किटाला येत नाही. भाकरी मात्र मीठ किंवा तीळ न लावलेली घ्यावी. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा घरातली मोठी माणसे शेंगाचटणी शोधत होती, हेही कबूल करते.

२०० मिलिलिटरच्या बरणीत २० ग्रॅम चुरा, ६० ग्रॅम गोड चक्का आणि ४० ग्रॅम दाणे घातले की वर बोटभर जागा उरते; ती उरलीच पाहिजे, नाहीतर झाकण दाण्यांना चेपते. चाळीस बरण्यांना ८०० ग्रॅम चुरा, १ किलो ६०० ग्रॅम चक्का व ८०० ग्रॅम पिठीसाखर आणि १ किलो ६०० ग्रॅम दाणे लागतील. एवढ्या चक्क्याला साधारण ४ किलो दही बांधावे. डाळिंबाच्या वजनात निम्म्याच्या आसपास दाणे निघतात. काही फळे आत खराब निघणार हे धरून पावणेचार ते चार किलो डाळिंबे आणावीत. मार्केट यार्डात क्रेटच्या भावाने घेतली तर उरलेली घरात खपतात. लक्ष्मी मार्केटमध्ये सुटी निवडून घेता येतात. दाणे काढल्यावर स्वच्छ फडक्यावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवावेत. हे काम सर्वांत जास्त वेळ खाते आणि नेमके तेच लोक टाळतात. ओले दाणे घातले की चक्क्यावर गुलाबी ओघळ उतरतात.

कार्यक्रम दुपारी असेल तर दोन दिवस आधी दही बांधावे, आदल्या दिवशी सकाळी चुरा परतून ठेवावा आणि दाणे काढावेत, संध्याकाळी चुरा व चक्क्याचे थर भरावेत आणि दाणे कार्यक्रमाच्या सकाळी घालावेत. चक्का भरताना जाड पिशवीचा कोपरा कापून त्यातून सोडला तर काचेला बोटे लागत नाहीत. फ्रिजमध्ये जागा आहे का, हे मात्र आजच मोजून पाहावे. या आकाराची बरणी साधारण ७ सेंटिमीटर रुंद असते. घरगुती फ्रिजच्या एका कप्प्यात अशा वीस ते चोवीस बसतात, म्हणजे दोन कप्पे पूर्ण रिकामे हवेत. ते शक्य नसेल तर शेजारणीचा फ्रिज आधी ठरवून ठेवावा. फ्रिजबाहेर काढल्यावर बरण्या दोन तासांच्या आत खाल्ल्या जाव्यात. पंगत उठेपर्यंत त्या आतच असू द्याव्यात, ओटीच्या ताटाशेजारी सजवून ठेवू नयेत.

शिजवलेल्या फळाचा पर्याय हवा असेल तर पेरू घ्यावा. पिकलेले पेरू सोलून शिजवावेत, चाळणीतून बिया काढाव्यात, थोडी साखर घालून गर डावाला चिकटेपर्यंत आटवावा आणि पूर्ण गार करून चक्क्याखाली थर द्यावा. याला पाणी सुटत नाही. रंग मात्र डाळिंबासारखा उठावदार येत नाही.

प्रश्न : अननसाचे तुकडे घालून मी जेली केली, ती रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही बसली नाही. दुसऱ्या वेळी अननस क्रीममध्ये मिसळून बरण्या भरल्या, तर सायंकाळपर्यंत क्रीम कडू लागले. अननस तर गोड होता.
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : दोन्ही वेळा दोष एकाच गोष्टीचा आहे. कच्च्या, म्हणजे न शिजवलेल्या अननसात प्रथिने तोडणारे ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते. जिलेटीन हे प्रथिनच आहे; ते तुटले की जेली बसत नाही. क्रीम, दूध आणि चक्का यांतली प्रथिने त्याच विकराने तुटली की त्यांतून कडू चवीचे तुकडे निर्माण होतात, म्हणून दोन-चार तासांत कडवटपणा येतो. पपई आणि किवी यांतही अशीच विकरे आहेत. कच्च्या पपईचा तुकडा घातला की मटण लवकर मऊ होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेच काम ही फळे बरणीत करतात.

उपाय अगदी सोपा आहे. अननसाच्या फोडी थोड्या साखरेत घालून चांगली उकळी येऊ द्यावी आणि पुढे पाच मिनिटे शिजू द्याव्यात. उष्णतेने विकर निकामी होते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने तो तसाच चालतो. शिजवलेला अननस गाळून, गार करून मगच क्रीममध्ये घालावा. गाळलेला पाक फेकू नये, सरबताला उपयोगी पडतो.

जेलीविषयी आणखी एक सांगते. जिलेटीन प्राण्यांपासून काढलेले असते, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना ते चालत नाही, आणि घरातल्या उन्हाळ्यात ते टिकतही नाही, कारण ३०-३५ अंशांच्या आसपास त्याची जेली विरघळू लागते. माझ्या भाच्याच्या मुंजीत मी पन्नास बरण्यांत लाल जेलीचा थर मोठ्या हौसेने बसवला होता. मे महिना, मांडव आणि बाहेर ४२ अंश. पहिली पंगत वाढून होईपर्यंत पन्नासही बरण्यांत लाल सरबत झाले होते आणि मुलांनी ते स्ट्रॉ मागून प्यायले. त्यानंतर मी केवळ चायना ग्रास वापरते. ते समुद्री शेवाळापासून मिळते, प्रथिन नसल्याने अननसाच्या विकराला दाद देत नाही, फ्रिजबाहेरही गार झाले की बसते आणि एकदा बसल्यावर जवळजवळ ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. एक लिटर द्रवाला साधारण १० ग्रॅम पुरते. काड्या अर्धा तास भिजवून थोड्या पाण्यात उकळत ठेवाव्यात, एकही धागा दिसेनासा झाला की मग फळाचा रस मिसळावा. रस फ्रिजमधला गार ओतू नये, नाहीतर भांड्यातच गाठी धरतात. फार आंबट रसाबरोबर चायना ग्रास उकळत ठेवले तर त्याची पकड कमी होते, म्हणून रस शेवटी. जिलेटीनची जेली जिभेवर विरघळते, ही काहीशी कडकच राहते. तेवढे मान्य करावे लागते.

प्रश्न : आमच्याकडे सीताफळे भरपूर येतात. बासुंदी उकळत असताना गर घातला तर कडवट चव आली. मिक्सरमध्ये फिरवलेला गर घातल्यावर तर ती जास्तच कडू झाली. बरणीत सीताफळाचे गोड भरायचे असेल तर काय करावे?
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तो आचेवर जाता कामा नये. दूध आटवून, साखर घालून, फ्रिजमध्ये पूर्ण थंड करावे आणि गर अगदी शेवटी मिसळावा. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि त्यांचा कडूपणा उतरतो. त्यातून सीताफळाची बी पोटात जाण्यासारखी वस्तूही नाही. बिया असलेला गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर घेऊन हाताने दाबावा, बिया वर राहतात. आपल्या बार्शी तालुक्यातल्याच गोरमाळ्यातून पुढे आलेल्या ‘एनएमके-१ गोल्डन’ या वाणात गर जास्त आणि बिया कमी असल्याने हे काम निम्म्या वेळात होते.

हवा लागली की गर तपकिरी होतो. त्यामुळे सीताफळाची बरणी आदल्या दिवशी भरण्याची नाही. खाण्याआधी तीन-चार तास भरावी आणि बासुंदीचा पातळ थर गरावर झाकण म्हणून सोडावा. मोसम संपल्यावर हवे असेल तर बिया काढलेला गर लहान डब्यांत काठापर्यंत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. काचेची बरणी फ्रीझरमध्ये मुळीच ठेवू नये. गोठताना गर फुगतो आणि काच तडकते.

प्रश्न : मुलगा मुंबईत नोकरीला आहे. त्याच्या कचेरीतल्या दहा जणांना दिवाळीची भेट म्हणून डाळिंब-श्रीखंडाच्या बरण्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवाव्यात काय? झाकण घट्ट असेल तर टिकतील ना?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : पाठवू नयेत. घट्ट झाकणाने मुंग्या आणि सांडणे थांबते, नासणे थांबत नाही. दूध, चक्का, क्रीम किंवा चिरलेले फळ असलेली बरणी ४ अंशांच्या आसपासच राहायला हवी. बाहेर ती दोन तास, आणि ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर एकच तास ठेवावी, असा सर्वसाधारण नियम आहे. रात्रभराची गाडी, पुढे लोकल आणि मग कचेरी, असा हिशेब केला तर बारा तास सहज होतात. बर्फाच्या पेटीत घालून पाठवता येईल, परंतु ती पेटी रात्री कोणी उघडली, बर्फ किती वाजता संपला, हे आपल्याला कळणार नाही आणि दहा परक्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.

दूरच्या भेटीसाठी साखरेत शिजवलेले फळ हाच खरा मार्ग आहे आणि तो आपल्या घरांत बरणीइतकाच जुना आहे. मोरावळा, साखरांबा, गुळांबा हे टिकतात कारण त्यांत साखर फळाइतकी किंवा त्याहून जास्त असते आणि शिजताना पाणी आटलेले असते; अशा घट्ट पाकात जंतूंना वाढायला मोकळे पाणीच मिळत नाही. ‘कमी गोड’ साखरांबा करून टिकण्याची अपेक्षा मात्र धरू नये. दिवाळीत ताज्या आवळ्यांचा मोसम सुरू होत असतो. किसलेल्या आवळ्याचा मुरंबा १०० ग्रॅमच्या बरण्यांत भरावा. बरणी आणि झाकण आधी दहा मिनिटे पाण्यात उकळून पूर्ण कोरडे करावे, मुरंबा गरम असतानाच गरम बरणीत भरावा. गार काचेत गरम पाक ओतला तर तळ फुटतो. भेट म्हणून त्याच्याबरोबर भाकरीच्या गोड चुऱ्याची एक वेगळी पुडी द्यावी आणि चिठ्ठीत लिहावे की खाताना ताज्या घट्ट दह्यावर दोन्ही घालून घ्या. बरणीतले गोड तेथे त्यांच्याच फ्रिजपाशी तयार होईल.

प्रश्न : एकादशीला घरी वारकरी पाहुणे असतात. उपवासाला चालेल असे बरणीतले फळांचे गोड सांगाल काय?
— एक वाचक भगिनी, पंढरपूर

उत्तर : कस्टर्ड पावडर, बिस्किटे आणि ज्वारीचा चुरा येथे बाद होतात. तळाला राजगिऱ्याच्या लाह्या तुपात परतून गुळात घोळून घालाव्यात, त्यावर घट्ट शिजवलेली साबुदाण्याची खीर पूर्ण गार करून घालावी आणि वर डाळिंबाचे दाणे. आषाढीच्या सुमारास आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुललेल्या झाडांची, डाळिंबे यायला लागतात. साबुदाणा थंड झाल्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून खीर आचेवरून उतरवताना हवी त्यापेक्षा थोडी सैल ठेवावी, नाहीतर चमचा उभा राहील. केळे घालायचे असल्यास वाढतानाच चिरावे. चायना ग्रास उपवासाला चालते की नाही, याविषयी घरोघरी वेगळे मत असते; पाहुण्यांना विचारण्यापेक्षा ते न घालणे सोपे. एक मात्र पाहावे : पंगत मोठी असेल आणि वीज जाण्याची धास्ती असेल तर खीर बरण्यांत भरण्याऐवजी गरम गरम वाट्यांतच वाढावी.

प्रश्न : घरात कॉफीच्या, जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या साठल्या आहेत. त्याच वापरल्या तर चालतील का? आणि हेच करून विकायचे झाले तर?
— एक वाचक भगिनी, साखर पेठ

उत्तर : कॉफीच्या आणि जॅमच्या चालतील. लोणच्याच्या बरणीची काच स्वच्छ होते, पण झाकणाच्या आतल्या रबरातला हिंग-मोहरीचा वास सोडा लावून, उन्हात ठेवूनही जात नाही. काच वापरायची तर झाकण नवे आणावे. गंज धरलेले किंवा चेपलेले झाकण टाकून द्यावे. सगळ्या बरण्या एकाच मापाच्या नसतील तर घरच्या वाढदिवसाला काही बिघडत नाही, उलट मुले आपापली बरणी ओळखतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बरणीत अख्खी द्राक्षे घालू नयेत, उभी चार भागांत चिरून घालावीत, कारण ती घशात अडकतात. अगदी लहानग्यांना डाळिंबाचे दाणेही देऊ नयेत, त्यांचा रस द्यावा.

विकायचे झाले तर घरगुती व्यवसायालाही अन्न सुरक्षा नोंदणी आवश्यक आहे. ती ऑनलाइन होते. बरणीवर भरल्याची तारीख, त्यातले घटक आणि ‘फ्रिजमध्ये ठेवावे, दोन दिवसांत खावे’ ही सूचना स्पष्ट लिहावी. किंमत ठरवताना बरणीची किंमत वेगळी धरावी आणि रिकामी बरणी परत आणून देणाऱ्याला तेवढे पैसे परत करावेत; साखर पेठेतल्या साखर पेठेत तरी बरण्या नक्की परत येतील.